चंपाकाकीची शेवटची गजाल

१

दिवा लागलेला होता, पण त्याचं प्रतिबिंब पाण्यात नव्हतं.

इरावतीने चित्र मोठं केलं. धक्क्याच्या टोकाला लाकडी खांब, खांबावर कंदील, कंदिलाभोवती पिवळा उजेड. हा उजेड दगडी पायऱ्यांवर पडला होता, दोरीच्या वेटोळ्यावर पडला होता. सगळ्यात वरच्या पायरीपर्यंत चढलेल्या पाण्यापाशी मात्र तो थांबला होता. पाणी नुसतं काळं होतं. मागे आकाशही काळं, भरपूर चांदण्या, चंद्र नाही.

चित्राखालचा मजकूर तिने त्यानंतर वाचला. ऑफिसातल्या बाकी सगळ्यांनी आधी मजकूर वाचला होता, त्यामुळे चित्राकडे नीट कुणी पाहिलंच नव्हतं.

'गावकऱ्यांनो, ही माझी शेवटची गजाल. वर्षअखेरीस आपलं खाजण बंद होतंय. तुम्ही बांधलेली घरं, घातलेले बांध, पाण्यात सोडलेल्या होड्या, यातलं काहीच राहणार नाही. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. राहून गेलं. माफ करा. तुमची चंपाकाकी.'

'खाजण' हा चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत, एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर तयार झालेला मोबाइल गेम. खेळणाऱ्याने खाडीकाठी गाव वसवायचं, बांध घालून खारं पाणी अडवायचं, भात लावायचा, मासे धरायचे. चंपाकाकी ही त्या गावातली मासेवाली. दर सोमवारी सकाळी तिच्या नावाने खेळाडूंच्या ऑनलाइन ग्रुपवर चार ओळी जात. त्या ग्रुपला सगळे चावडी म्हणत आणि त्या चार ओळींना सोमवारची गजाल. ती लिहायची जान्हवी परब, खेळाडूंशी बोलायचं काम तिच्याकडे होतं.

या सोमवारी गजाल आली ती ही.

ऑफिस उघडेपर्यंत चावडीवर गोंधळ माजला होता. मालक केयूर प्रधानने घाईघाईने खुलासा टाकला होता: हा मजकूर आमचा नाही, खात्याचा गैरवापर झाला आहे, खाजण बंद होणार नाही. मग त्याने इरावतीला केबिनमध्ये बोलावलं.

इरावती गेमची टेस्टर होती. दोष कुठे आहे, कोणत्या परिस्थितीत दिसतो आणि पुन्हा कसा दिसेल, हे शोधणं तिचं काम. त्याआधी बरीच वर्षं ती एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. दोन्ही कामांत फार फरक नाही असं तिचं मत होतं.

"जान्हवीनेच केलंय," केयूर म्हणाला. त्याने दाढी केली नव्हती. "खातं तिच्याकडे असतं. संध्याकाळी चावडीवर बैठक लावलीय. सगळ्यांना ऐकू जाईल अशी. तिथे सांगून टाकतो, टीममधल्या एका व्यक्तीने हे केलं, तिला आम्ही काढलं. विषय संपला."

"नाव घेणार?"

"घ्यायची गरजच नाही. चंपाकाकी कोण लिहितं ते माहितीये त्यांना. कुणीतरी तिचा फोटोपण लावलाय."

"मग मला कशाला बोलावलंस?"

"तू बघितलंयस म्हटलं की हर्षद वाद घालणार नाही." गेमचा सगळा कोड हर्षदने लिहिला होता.

इरावतीने खुर्ची ओढली नाही. ती उभीच राहिली. खालच्या गाळ्यात प्लास्टिकच्या बादल्या बनत, ते मशीन दर थोड्या वेळाने धाडकन मिटायचं आणि केयूरच्या टेबलावरचा ग्लास हलायचा.

"बैठकीपर्यंत वेळ दे. आणि एक सांग. यात लिहिलंय ते खरं आहे का? बंद होतंय खाजण?"

केयूरने हलणाऱ्या ग्लासावर हात ठेवला.

"अजून ठरलं नाहीये," तो म्हणाला.

२

जान्हवी चहाच्या खोलीत बसली होती.

"इराताई, मी रडत नाहीये हां. त्या मेल्या एसीमुळे डोळे चुरचुरतायत."

"बरं."

"घाटकोपरला आमच्या शेजारच्या पोराने मला स्क्रीनशॉट पाठवला. म्हणे, ताई, हे तू केलंस? आई विचारतेय नोकरी राहिली का. आज संध्याकाळी सर बोलले की या धंद्यात मला दारात कोण उभं करणार? जिच्या पोटात गोष्ट राहत नाही, तिला खेळाडूंशी बोलायला कोण ठेवेल?"

"तू केलंस का?"

"नाही."

"तुला माहीत होतं, बंद होतंय म्हणून?"

जान्हवी हसली. ते हसणं बरंच दमलेलं होतं.

"मला? मला इथे कधी काय माहीत असतं? सरांचा नियमच आहे ना. जी लोकांशी बोलते तिला सगळ्यात शेवटी सांगायचं. म्हणजे तिच्या तोंडून काही फुटणार नाही. लोक विचारतात नवीन बेट कधी येणार, मी म्हणते लवकरच. बेट बनतंय की नाही, हेही मला ठाऊक नसतं. मी खोटं बोलतेय का खरं, तेच मला कळत नाही, ताई. दोन वर्षं झाली."

इरावतीला तो नियम माहीत होता. गेमची कच्ची प्रत, जिला सगळे टेस्ट बिल्ड म्हणत, जान्हवीच्या फोनवर कधीच टाकली जात नसे. लोकांच्या हाती जे पडायचं तेच तिच्याही हाती पडायचं, आणि त्याच दिवशी.

"आजची तुझी गजाल काय होती?"

"खेकड्यावर. नवीन खेकडा आलाय ना. काल दुपारीच लिहून वेळ लावून ठेवली होती, आपोआप जाते ती."

"ती गेली?"

"गेली ना! हिच्या पाठोपाठ. वर गाव बुडालंय आणि खाली मी सांगतेय, या गो बायांनो, खेकडे ताजे आहेत. लोकांना वाटलं मी त्यांची थट्टा करतेय."

इरावतीने दोन्ही गजाली मनात एकाखाली एक मांडल्या. हाताने पोस्ट टाकणाऱ्याला खाली आलेला खेकडा लगेच दिसला असता. ज्याला गाव खरंच हादरवायचं होतं, त्याने तो काढून टाकला असता. म्हणजे हीही गजाल कुणीतरी आधीच वेळ लावून ठेवलेली होती. आणि तिची वेळ झाली तेव्हा तो माणूस बघत नव्हता.

"वेळ लावलेली पोस्ट दुसऱ्याला दिसते?"

"नाही. ज्याने लावली त्यालाच."

"खात्याची चावी कुणाकुणाकडे आहे?"

"माझ्याकडे. हर्षदकडे, त्यानेच ते सगळं बसवलंय. केयूर सरांकडे." जान्हवीने ओठ चावला. "आणि गणपतीत मी गावी गेले तेव्हा चावडीवरच्या मेस्त्रीकाकांना दिली होती. नंतर बदलायची राहिली."

बाहेर कुणीतरी दरवाजा ढकलला. मोठ्या आवाजात प्रश्न आला:

"खंय आसा तुमचो मालक?"

३

अनंत मेस्त्री नाहूरहून स्कूटरवर आले होते. हेल्मेट अजून हातात होतं. त्यांचं नाहूरला चष्म्याचं दुकान. वडील गिरणीत होते, मूळ गाव देवगडकडे. चावडी सुरू झाल्यापासून तिथली भांडणं सोडवायचं काम ते हौसेने करत. गेल्या महिन्यात मात्र त्यांनी स्वतःच केयूरशी सगळ्यांसमोर भांडण केलं होतं.

केयूर फोनवर होता, किंवा तसं दाखवत होता. इरावतीने काकांना बसवलं आणि पाणी दिलं.

"फोनवरच्या थापा नको होत्यो, म्हणान मी स्वतः इलंय," ते म्हणाले. "तुमका वाटता मी केलंय?"

"चावी तुमच्याकडे होती, काका."

"होती. अजून आसा. त्या पोरीन विश्वासान दिल्यान, मी उघडूनसुद्धा बघूक नाय."

"मागच्या महिन्यात भांडलात कशावरून?"

"विचारला काय मी? एवढाच विचारलंय, की बाबा, गेम चालू ठेवतलास ना? हो म्हण नायतर नाय म्हण. तर म्हणता, आम्ही तुमच्या भावनांचा आदर करतो." काकांनी हेल्मेट टेबलावर आपटलं. "माझ्या दुकानात गिऱ्हाईक विचारता, मोतीबिंदू आसा काय? मी काय सांगू, तुमच्या भावनांचा आदर करतंय?"

जान्हवीला दाराआडून हसू फुटलं आणि तिने ते खोकल्यात लपवलं.

इरावतीने त्यांच्यासमोर चित्र धरलं. "हा धक्का ओळखता?"

"ह्यो? रोज रात्री थंय बसतंय मी. माझो भाव बडोद्याक आसा, तो त्याच्या मोबाइलवरून येता. दोघे गळ टाकतो, गजाली मारतो." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "पण ह्या चित्रात कायतरी चुकलाहा."

"काय?"

"दिवो पाण्यात दिसणा नाय."

"तुमच्या गेममध्ये असं कधी झालंय?"

"कधीच नाय. उलट वाऱ्यान हलता तो, बरो वाटता."

इरावतीने मान हलवली. तिला जे अपेक्षित होतं ते त्यांनी सांगितलं होतं. लोकांच्या हातात पोचलेल्या गेममध्ये हा दोष कधीच नव्हता.

काका उठले. जाता जाता त्यांचा आवाज खाली आला.

"ज्यान कोणी ह्या लिवल्यान ना मॅडम, त्याका मी शिव्या देऊक नाय. इतक्या दिवसांत पयल्यांदा कोणीतरी आमच्याशी माणसासारखा बोलला. मगे तासाभरान तुमचो मालक सांगता, ता खोटा. माका ता जास्त लागला."

"संध्याकाळी बैठकीला याल?"

"येतलंय तर. आणि एकच विचारतलंय. कोणी केल्यान?"

४

"संशयित क्रमांक दोन हजर आहे," हर्षद सामंत म्हणाला. "की तीन? काकांचा नंबर आधी लागला वाटतं."

"बंगलोरची नोकरी पक्की झाली?"

"तुला कुणी सांगितलं? असो. जवळजवळ. आणि हो, बंद होणार हे मला माहीत होतं. म्हणजे होणार, नाही होणार, पुढच्या आठवड्यात बोलू, हे माहीत होतं. गणपतीपासून हेच ऐकतोय. मी सुटायला बघतोय, म्हणून मी जाहीर करून टाकलं. हेतू मस्त आहे, नाही?"

"चांगला आहे. आता हे बघ." तिने चित्र त्याच्या स्क्रीनवर उघडलं. "आज तिथी काय?"

"तूच सांग. पंचांग तुझ्याकडे असतं."

"तुझ्या गेममध्येही असतं."

हर्षद सरळ बसला. गेममधली भरती-ओहोटी खऱ्या चंद्रावर चालायची, आकाशातल्या चांदण्याही खऱ्या आकाशाप्रमाणे सरकायच्या. ते गणित दोघांनी मिळून बसवलं होतं आणि त्याचा हर्षदला जरा जास्तच अभिमान होता.

"आज वद्य अष्टमी. म्हणजे भांगाची, कमी पाण्याची भरती. पाणी निम्म्या पायऱ्यांपर्यंतसुद्धा येणार नाही," तो म्हणाला. "इथे तर वरच्या पायरीला लागलंय. हे उधाण आहे. पौर्णिमा नाहीतर अमावास्या."

"रात्रीची भरती. पौर्णिमा असती तर चंद्र डोक्यावर हवा होता."

"म्हणजे अमावास्या. फोनचं घड्याळ बदलून फसवता येत नाही, चंद्र सर्व्हरवर आहे." मग त्याचं लक्ष कंदिलाकडे गेलं. "थांब. हा तुझा बग आहे! गेल्या अमावास्येला तू माझं डोकं खाल्लं होतंस, कंदिलाचं प्रतिबिंब गायब आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी केला मी तो नीट. लोकांपर्यंत गेलाच नाही."

"ते बिल्ड कुणाच्या फोनवर होतं?"

"तुझ्या. माझ्या. केयूरच्या." तो खुर्चीत मागे रेलला. "म्हणजे जान्हवी सुटली. काकापण."

"चावी नव्हती म्हणून मीही. चावी आणि ते बिल्ड दोन्ही ज्यांच्याकडे होतं असे दोघेच उरतात."

खालचं मशीन धाडकन मिटलं. हर्षदने खिशातून फोन काढला आणि खाजण उघडलं. स्क्रीनच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात गेमचा वेग दाखवणारे हिरवे आकडे भराभर बदलत होते.

"माझ्या बिल्डमध्ये हे कायम असतात," तो म्हणाला. "बंद करायचं बटणच नाही, मी ठेवलंच नाही. फोटो काढला की आकडे येणारच. या चित्रात ते नाहीत."

"पुसता आले असते."

"आले असते."

"म्हणून मी चांदण्या बघितल्या. त्या कोपऱ्यात कृत्तिका आहेत. त्या रात्री जिथे असायला हव्यात तिथेच. आकडे पुसून कुणी अंदाजाने ठिपके भरलेत असं दिसत नाही."

हर्षदने फोन पालथा ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसायला हवी होती, पण तसं काही दिसलं नाही.

"यार इरा," तो म्हणाला, "तो सकाळी सगळ्यांच्या आधी आला होता. म्हणाला, त्या पोरीला मी सोडणार नाही."

५

केयूर कागदावर बैठकीत वाचायचं लिहीत होता. इरावती आत आल्यावर त्याने कागद उलटा केला.

"काय म्हणतोय हर्षद?"

"तू अमावास्येच्या रात्री धक्क्यावर काय करत होतास?"

तो उत्तर देईल असं तिला वाटलं नव्हतं, म्हणून तीच बोलत राहिली. पाण्याची उंची, नसलेला चंद्र, नसलेलं प्रतिबिंब, हिरवे आकडे. तिने आवाज चढवला नाही. वर्गात एखादा निष्कर्ष काढून दाखवावा तसं एकेक पाऊल सांगितलं.

"जुना फोटो जान्हवीला कुणीही दिला असता," केयूर म्हणाला.

"कुणी? मी की हर्षदने? माझ्या फोनवरचे सगळे फोटो मी बगच्या नोंदीसोबत जोडले होते, त्यांत हा नाही. आणि चित्र सोड. मजकूर वाच. त्यात माफी मागितलीय. 'आधी सांगायला हवं होतं, राहून गेलं.' जान्हवीचं काय राहून गेलं? तिला कुणी सांगितलंच नव्हतं. माफी कोण मागतं, केयूर? ज्याने ठरवलं तो."

त्याने कागदाच्या कोऱ्या बाजूवरून बोट फिरवलं.

"त्या रात्री मी गावभर फिरलो," तो म्हणाला. "सगळ्यांची घरं बघितली. मेस्त्रींनी बांधावर माड लावलेत, माहितीये? मग लिहिलं. चंपाकाकीच्या नावाने लिहिताना सोपं गेलं. माझ्या नावाने जमतच नव्हतं. सोमवारची वेळ लावून टाकली, म्हटलं आता जाईल. रविवारी धीर सुटला, पुढच्या सोमवारवर ढकललं. मग त्याच्या पुढच्या."

"आणि काल?"

"काल ताईकडे मुलुंडला जेवायला होतो. संध्याकाळी आठवण झाली. मोबाइल हातात घेतला." त्याने हाताचा तळवा वर केला, जणू मोबाइल अजून तिथे होता. "आणि ठेवून दिला. विसरलो नाही. केलंही नाही. नुसता ठेवून दिला."

"म्हणजे जाऊ दिलंस."

"सकाळी चावडी बघितली. पहिलं जे सुचलं ते लिहिलं, आमचं नाही म्हणून. एकदा तसं लिहिल्यावर मग कुणाचं तरी असायला हवं ना?"

इरावतीला राग यायला हवा होता. पण तिला फक्त थकवा जाणवला. आयुष्यभर दोष शोधले, आणि ते बहुतेक वेळा अशाच ठिकाणी सापडले: कुणी काही मुद्दाम केलेलं नसतं, कुणी काहीतरी करायचं ठेवून दिलेलं असतं.

"जान्हवी हुशार आहे," केयूर म्हणाला. "तिला दुसरीकडे मिळेल काम."

"मिळणार नाही. ते तुला माहितीये. म्हणूनच तू नाव घेणार नव्हतास."

"तू सांगणार आहेस त्यांना?"

"मी टेस्टर आहे. दोष कुठे आहे ते दाखवते. तो नीट करणं माझ्या हातात नसतं. पण तुझा कागद जान्हवीवर ढकलणारा असेल तर 'इरावतीने तपासलंय' हे वाक्य त्यातून काढ. ते खोटं आहे."

ती बाहेर पडली. मागे कागद सुलटा केल्याचा आवाज आला, पण फाडल्याचा आला नाही.

६

बैठकीला मोठ्या टेबलाशी चौघे बसले. मधे लॅपटॉप आणि माइक. चावडीवर आलेल्यांची नावं स्क्रीनवर एकाखाली एक सरकत होती आणि थांबतच नव्हती. बऱ्याच जणांनी चंपाकाकीचा चेहरा काढून त्या जागी काळा चौकोन लावला होता.

जान्हवी टोकाला बसली होती. बॅग तिने आधीच भरून पायाशी ठेवली होती. हर्षद तिच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसला. तो नेहमी तिथे बसत नसे.

केयूरने माइक चालू केला. कागद समोर होता.

"नमस्कार. मी केयूर प्रधान. आज सकाळी चंपाकाकीच्या नावाने जो मजकूर आला, त्याबद्दल बोलण्यासाठी आपण जमलो आहोत." वाचताना त्याचा आवाज सपाट होता. "आम्ही अंतर्गत चौकशी केली. त्यात असं आढळलं की आमच्या टीममधल्या एका व्यक्तीने..."

तो थांबला. इरावतीने त्याच्याकडे बघितलं नाही. ती माइकवरच्या लहान लाल दिव्याकडे बघत होती. जान्हवीने खाली वाकून बॅगेचा पट्टा हातात घेतला.

स्पीकरमधून नाहूरचा आवाज आला, मागे दुकानाचं शटर ओढल्याचा खडखडाट.

"कोणी?"

हर्षदने मान वर करून केयूरकडे पाहिलं.

"प्रधानसाहेब, तुमका विचारतंय. सरळ सांगा. कोणी केल्यान आणि खरा की खोटा?"

केयूरने कागदावरून नजर उचलली. जान्हवीकडे पाहिलं, बहुधा दिवसभरात पहिल्यांदाच.

"मी," तो म्हणाला.

स्क्रीनवर नावं सरकतच होती.

"ती गजाल मी लिहिली. जान्हवीला यातलं काहीही माहीत नव्हतं, मीच तिला कधी काही सांगितलं नाही. सकाळचा खुलासा खोटा होता, तोही माझाच." त्याने कागद बाजूला सारला. हात माइककडे गेला. तो माइक बंद करणार असं इरावतीला क्षणभर वाटलं, पण त्याने तो उचलून तोंडाजवळ आणला. "मेस्त्रीकाका, तुम्ही मागच्या महिन्यात विचारलं होतंत, हो म्हण नाहीतर नाही म्हण. नाही. चालू ठेवणं मला जमणार नाही. खाजण मी बंद करतोय."